खांदेरीचा पट : आरमाराच्या खेळात मुलांना नेमकं काय आवडतं?



इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यास भाग दोनमध्ये, म्हणजे आपल्या ‘शिवछत्रपती’ पुस्तकात, आरमाराचा विषय येतो. गड, घोडदळ, गनिमी कावा हे जुन्नर-आंबेगावच्या मुलांना फारसं समजावून सांगावं लागत नाही. इथल्या कितीतरी शाळांच्या मैदानातून शिवनेरी दिसतो. पण आरमार म्हटलं की वर्ग शांत होतो. समुद्र पाहिलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी असतात. ‘ज्याचे आरमार त्याचा समुद्र’ हे वाक्य पाठ होतं, परीक्षेत बरोबर येतं, पण गलबत म्हणजे काय, वारा पडला की जहाजाचं काय होतं, हे डोळ्यांसमोर येत नाही.

म्हणून आजचा लेख आरमाराच्या एका पटावरच्या खेळाविषयी आहे. खेळ कसा करायचा ते थोडक्यात सांगते, पण त्याहून जास्त बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. असा ऐतिहासिक खेळ खेळताना खेळणाऱ्याला नेमकं काय महत्त्वाचं वाटतं? हे एकदा लक्षात आलं की कोणत्याही पाठावरचा खेळ तुम्ही स्वतः तयार करू शकाल.

आपला आणि समुद्राचा काय संबंध?

मुलं हा प्रश्न विचारतातच. उत्तर आपल्या तालुक्यातच आहे. नाणेघाट ही सातवाहन काळातली व्यापाराची वाट. जुन्नरहून माल या घाटाने कोकणात उतरायचा आणि कल्याण, सोपारा या बंदरांकडे जायचा. घाटातला दगडी रांजण मुलांनी सहलीत पाहिलेला असतो. जुन्नरच्या लेण्यांमध्ये ‘यवन’ म्हणवणाऱ्या परदेशी लोकांनी दिलेल्या दानांचे लेखही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडची माणसं आपल्या गावाला ओळखत होती.

दुसरा धागा अगदी ताजा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा साम्राज्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आपला शिवनेरी आहे आणि समुद्रातला खांदेरीसुद्धा आहे. फळ्यावर ही दोन नावं शेजारी लिहा आणि विचारा, ‘एक डोंगरावर, एक पाण्यात. मग दोघे एका यादीत कसे?’ पाठाची सुरुवात इथूनच होते.

आंबेगावच्या पश्चिम भागातल्या शिक्षकांना आणखी एक सोय आहे. डिंभे धरणाच्या फुगवट्याकाठच्या मुलांना होडी माहीत असते. वल्हं मारताना दंड कसे भरून येतात, समोरून वारा आला की होडी कशी जड होते, हे ती मुलं इतरांना सांगतील. त्या दिवशी शिकवायचं काम त्यांना द्या.

खांदेरी, १६७९

खेळासाठी मी खांदेरीची लढाई निवडली, कारण तिच्यात दोन्ही बाजूंना खरोखर अडचणी होत्या.

खांदेरी हे मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोरचं लहानसं बेट. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारी यांच्याकडे होतं. मुंबईच्या इतक्या जवळ मराठ्यांचा किल्ला उभा राहणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी. मराठ्यांची गलबतं लहान, पण ती वल्ह्यांवरही चालायची आणि उथळ पाण्यातून सहज जायची. किनाऱ्यावरून माणसं, दगड, धान्य घेऊन गलबतं अंधारात बेटावर पोहोचत राहिली आणि मोठ्या जहाजांना ती अडवता येईनात.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठा आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला. ‘डव्ह’ नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांनी पकडली. ‘रिव्हेंज’ हे जहाज मात्र झुंजत राहिलं आणि शेवटी मराठा आरमार नागावच्या खाडीकडे परतलं. पण बेटावरचं बांधकाम थांबलं नाही. पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडलं आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी समझोता करून आपली जहाजं मागे घेतली. खांदेरी स्वराज्यातच राहिली.

पट कसा करायचा?

साहित्य : जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू, स्केचपेन, एक फासा, चिंचोके, शर्टाची लहान-मोठी बटणं, पुठ्ठ्याचा एक बाण.

१) कागदावर चौकोन आखा. वरच्या टोकाला मुंबई, उजव्या कडेला थळ-नागावचा किनारा, मध्ये खांदेरी. किनारा आणि बेट यांच्यात पाच चौकोन ठेवा. किनाऱ्यालगतचे दोन चौकोन आणि बेटाभोवतीचा एक चौकोन फिकट निळा रंगवा. हे उथळ पाणी. मोठं जहाज इथे येऊ शकत नाही.

२) मराठ्यांकडे सहा गलबतं (लहान बटणं), इंग्रजांकडे तीन मोठी जहाजं (मोठी बटणं). प्रत्येक गलबत एका फेरीत एक चिंचोका, म्हणजे बांधकामाचं सामान, नेतं.

३) प्रत्येक डावाआधी वाऱ्याचा फासा टाका. १ ते ४ पडले तर चार दिशांपैकी एक, आणि तिकडे बाण फिरवा. ५ किंवा ६ पडले तर वारा पडला. वारा पाठीशी असेल तर मोठं जहाज चार घरं जातं, आडवा असेल तर दोन, समोरून असेल तर हलत नाही. वारा पडला की जागेवरच उभं. गलबत मात्र वल्ह्यांवर नेहमी दोन घरं जातं.

४) मोठ्या जहाजाची तोफ दोन घरांपर्यंत पोहोचते. फाशावर ४, ५ किंवा ६ पडले तर गलबत बुडतं. तीन गलबतांनी एका जहाजाला शेजारून वेढलं तर ते जहाज पकडलं जातं.

५) बारा डावांत आठ चिंचोके बेटावर पोहोचले तर किल्ला उभा राहिला, मराठे जिंकले. नाही पोहोचले तर इंग्रज जिंकले.

दोन-दोन मुलांच्या जोडीने एक बाजू खेळावी. एका तासिकेत खेळ पूर्ण होतो.

खेळणाऱ्याला काय मोलाचं वाटतं?

आता मुख्य मुद्दा. मुलं खेळताना तुम्ही फक्त ऐका. कोणत्या क्षणी ती ओरडतात, कुठे वाद घालतात, कुठे गप्प होऊन विचार करतात, त्यावरून सगळं समजतं.

पहिली गोष्ट म्हणजे निवड. आपण शिक्षक बऱ्याचदा सापशिडीच्या पटावर इतिहासाचे प्रश्न लिहितो आणि त्याला शैक्षणिक खेळ म्हणतो. उजळणीला ते चालतं. पण तिथे फासा ठरवतो आणि मूल फक्त सोंगटी सरकवतं. इथे फासा वारा सांगतो, पुढे काय करायचं ते मूल ठरवतं. ‘वारा पडलाय, आताच सगळी गलबतं काढू या का? का दोन मागं ठेवायची?’ असं दोघं कुजबुजू लागली की समजा, खेळ जमला.

दुसरी गोष्ट, दोन्ही बाजू वेगळ्या पण तोडीच्या. बुद्धिबळात दोघांकडे सारखीच प्यादी असतात. आरमाराच्या खेळात तसं नसतं. एकाकडे तोफ आहे, दुसऱ्याकडे वल्हं. लहान मुलांना आधी वाटतं की मोठं बटण मिळालं म्हणजे आपण जिंकलो. दोनदा वारा पडला की तेच मूल म्हणतं, ‘बाई, मला आता गलबतं द्या.’ आपल्याकडे वाघ-बकरीसारखे पट आहेतच. त्यातही थोडे वाघ आणि पुष्कळ बकऱ्या असतात. मुलांना ही कल्पना नवी नाही.

तिसरी गोष्ट, हरण्याचं कारण. नुसत्या नशिबाने हरलेलं मूल रुसतं. ‘मी सगळी गलबतं एकाच रांगेत नेली म्हणून हरलो’ असं सांगता आलं तर तेच मूल लगेच दुसरा डाव मागतं. जगभर जहाजांचे ऐतिहासिक खेळ खेळणारी मोठी माणसंही याच गोष्टीला मान देतात. १९७० च्या दशकातल्या ‘वुडन शिप्स अँड आयर्न मेन’ या शिडाच्या जहाजांच्या खेळात दोन्ही खेळाडू आपापली चाल गुपचूप कागदावर लिहितात आणि मग एकदम उघडतात. वारा दोघांना सारखाच. त्यामुळे समोरचा काय करील याचा अंदाज बांधणं, हाच खरा खेळ होतो. पाचवीच्या पुढच्या मुलांना तुम्हीही चाल लिहायला लावून बघा.

चौथी गोष्ट, खरेपणा. मुलं सतत विचारतात, ‘बाई, खरंच असं झालं होतं का?’ वारा, उथळ पाणी, अंधारातल्या फेऱ्या हे खरं आहे हे कळलं की त्यांचा चेहरा बदलतो. म्हणून नियम थोडे ठेवा, पण प्रत्येक नियमामागे खरं कारण असू द्या. कारण सांगता येत नसेल तो नियम सरळ काढून टाका.

खेळातून असं शिकणं हा काही पोरखेळ नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलातल्या तरुण मुलींच्या एका तुकडीने जमिनीवर पट आखून पाणबुड्यांच्या लढाया खेळायला सुरुवात केली. तिथून शिकलेल्या युक्त्या नौदलाच्या अधिकाऱ्यांनी खऱ्या समुद्रात वापरल्या.

‘पण आपण हरलो तर?’

हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही. महाराजांच्या बाजूने खेळणारं मूल हरलं तर मनावर काय परिणाम होईल? आणि आपल्याच मुलाने इंग्रज का व्हायचं? या प्रश्नामागे श्रद्धा आहे, तिचा आदर ठेवूनच उत्तर द्यायला हवं.

माझं म्हणणं असं. ज्या खेळात एक बाजू हरूच शकत नाही, तो मुलं दुसऱ्यांदा हातात घेत नाहीत. आणि जे आपोआप मिळालं त्याची किंमत मुलांना कशी कळणार? तीन गलबतं बुडाल्यावर चौथं पाठवायचं का, हा विचार करताना मुलाला मायनाक भंडारींसमोरची अडचण कळते. मग किल्ला उभा राहिला याचा अभिमान घोषणेपुरता राहत नाही.

खऱ्या इतिहासातही १८ ऑक्टोबरला मराठा आरमार परतलं होतं. तरीही किल्ला झाला. लढाईतला एक दिवस आणि मोहिमेचा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथीच्या मुलाला हे व्याख्यानातून सांगणं कठीण आहे, पण चिंचोके मोजताना ते सहज कळतं. जहाज एकही पकडलं नाही, पण आठ चिंचोके पोहोचले आणि आपण जिंकलो!

इंग्रजांची बाजू खेळणारं मूल इंग्रज होत नाही. ते शत्रूच्या डोक्याने विचार करायला शिकतं. समोरच्याच्या अडचणी ओळखल्याशिवाय मोठ्या जहाजांपुढे लहान गलबतं टिकली नसती. बाजू मात्र दर वेळी बदलून द्या, म्हणजे कोणावर कायमचा शिक्का बसत नाही. आणि मुलांना हेही आवर्जून सांगा की या आरमारात दौलतखान होता, मायनाक भंडारी होते, किनाऱ्यावरचे कोळी-भंडारी दर्यावर्दी होते. जात-धर्म वेगळे, पण गलबत एकच.

खेळ झाल्यावर

शेवटची दहा मिनिटं बोलण्यासाठी राखून ठेवा. तीन प्रश्न पुरेत. कोणत्या डावात तुम्ही थांबून विचार केला? वारा नसता तर खेळ कसा झाला असता? एखादा नियम बदलायचा असेल तर कोणता, आणि का?

तिसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त हात वर होतात. कोणी भरती-ओहोटी आणायला सांगतं, कोणी उंदेरीवर सिद्दीचं बटण ठेवायला सांगतं. त्यांना ते करू द्या. नवीन नियम मुलांनी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिला की भाषेचाही तास झाला. मूल्यमापन करताना कोण जिंकलं याची नोंद नको. मुलाने निर्णयाचं कारण सांगितलं का, एवढंच नोंदवा.

पालकहो, हा पट घरीही होतो. चिंचोके नसतील तर शेंगदाणे घ्या, फक्त खेळ संपेपर्यंत ते शिल्लक राहतील एवढं बघा! सुट्टीत अलिबागकडे जाणं झालं तर थळच्या किनाऱ्यावर उभं राहून मुलांना समोर खांदेरी-उंदेरी दाखवा. मुलगा किंवा मुलगी तुम्हाला सांगेल, उथळ पाणी कुठे असेल आणि गलबतं कुठून गेली असतील.

खेळ करून बघा. तुमच्या मुलांनी कोणता नवा नियम सुचवला ते नक्की कळवा.