समुद्रकाठची काळी वाळू

१९०९ साली त्रावणकोरच्या काथ्यास चिकटलेल्या वाळूत शोंबर्ग नामक जर्मन रसायनज्ञास मोनाझाइट हे खनिज आढळले. डोंगरांतील खडक झिजून नद्यांवाटे समुद्रास मिळतात. लाटा हलके कण ओढून नेतात, जड कण काठी राहतात. मोनाझाइटात सेरियम, लँथॅनम, निओडिमियम ही विरल मृत्तिका-मूलद्रव्ये असतात. निओडिमियमपासून अतिबलवान लोहचुंबक होतात. मोनाझाइट फॉस्फेट खरे, परंतु ते पाण्यात विरत नाही, सबब पिकास मिळत नाही. शिवाय त्यातील थोरियम किरणोत्सर्गी आहे. ते खत समजून शेतात घालू नये.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत मुख्यत्वे इल्मेनाइट असते. वाळूचा ढीग हाच माडांच्या बागेचा समुद्राकडील बांध होय. केरळातील आलप्पाडच्या रहिवाशांनी २०१८ साली वाळू-उपशाविरुद्ध आंदोलन केले, ते जमीन समुद्रात जाण्याच्या भयाने. म्हणून बागाईतदारांस आमची विनंती, की चार पैशांकरिता हा बांध फोडू देऊ नये.