वाहतूक उद्यान आणि शाळेसमोरील रस्ता

नागपूरच्या धरमपेठेतील मुलांच्या वाहतूक उद्यानात बालके खेळता खेळता रहदारीचे नियम शिकतात. उपक्रम स्तुत्यच होय. मात्र उद्यानात भरधाव ट्रक नसतो. लहान मुलास वाहनाचा वेग व अंतर यांचा अचूक अंदाज येत नाही, ही गोष्ट स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडल्स यांनी १९६० च्या दशकातच निदर्शनास आणली होती. नियम मुखोद्गत असलेले मूलही चेंडूमागे धावते.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. साहजिकच सर्वांत जवळचे वाहन उजवीकडून येते. म्हणून प्रथम उजवीकडे, मग डावीकडे व पुन्हा उजवीकडे पाहण्याचा सराव शिक्षकांनी वर्गात नव्हे, तर शाळेच्या फाटकाशी करून घ्यावा. बसमधून उतरलेल्या मुलाने बस निघून जाईपर्यंत थांबावे. तिच्या पुढून निघालेले बालक मागून येणाऱ्या चालकास दिसतच नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर सरते! ताशी ३० किलोमीटर वेगात ते ८ मीटरांवर येते. महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींनी गतिरोधकाची मागणी संबंधित बांधकाम यंत्रणेकडे लेखी नोंदवावी. शक्य तेथे शाळेचे फाटक आतल्या गल्लीत उघडावे.