भांगेचे पीक : कायदा व बाजार

शहरांतील काही दुकानांत अलीकडे भांगेच्या बियांचे तेल, बियांची भुकटी आणि या झाडाच्या तंतूंचे कापड उघडपणे विकावयास ठेवलेले आढळते. ते पाहून, 'मग हे पीक आम्ही का घेऊ नये?' असा प्रश्न शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. तथापि मालाच्या विक्रीस मुभा असणे आणि पिकाच्या लागवडीस मुभा असणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. त्यांत घोटाळा करणाऱ्यास दंड व तुरुंगवास दोन्ही भोगावे लागतात, म्हणून या पिकाची हकीकत थोडी विस्ताराने देत आहोत.

भांग, गांजा व चरस ही तीन निरनिराळी पिके नव्हेत. एकाच वनस्पतीची पाने ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, आणि त्यांवरील चिकट राळ ती चरस. आयुर्वेदात हिलाच विजया म्हणतात. खोडाच्या सालीपासून बळकट तंतू मिळतो व बियांपासून खाद्य तेल निघते. नर व मादी झाडे बहुधा वेगळी असून परागण वाऱ्याने होते. इंग्रजीतील 'हेंप' हे नाव या झाडाप्रमाणेच आपल्या तागास व अंबाडीसही लावले जाते, त्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. वास्तविक ताग शेंगवर्गातील आणि अंबाडी भेंडीच्या कुळातील आहे. दोहोंतही मादक द्रव्य नाही व दोहोंच्या लागवडीस कोणाच्याही परवान्याची गरज नाही.

हे पीक महाराष्ट्रास अगदीच अपरिचित नाही. ब्रिटिश अमदानीत अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात सरकारी देखरेखीखाली गांजा पिकविला जात असे. १८९३-९४ साली या विषयाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने संपूर्ण बंदीऐवजी परवाना व कर यांचाच पुरस्कार केला होता. पुढे काळ पालटला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजावर कडक नियंत्रण आले. मात्र केवळ तंतू व बी यांसाठी होणारी लागवड त्या नियंत्रणातून वगळण्यात आली. आपल्याकडे १९८५ सालचा अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम लागू आहे. त्यात फुलोऱ्याचे शेंडे नियंत्रित मानले असून शेंड्यांविरहित बी व पाने व्याख्येबाहेर ठेवली आहेत. परंतु झाड लावणे हाच परवान्याशिवाय गुन्हा आहे आणि त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पानांच्या भांगेवरही आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचे निर्बंध आहेत, ही गोष्ट उत्तरेकडील भांगेची दुकाने पाहून आलेल्यांच्या ध्यानात राहत नाही.

मग दुकानांतील माल येतो कोठून? भांगेचे बी व बियांचे तेल यांस अन्न म्हणून विकण्याची मुभा २०२१ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मर्यादा घालून दिली. लागवडीच्या बाबतीत उत्तराखंड राज्याने पुढाकार घेऊन २०१८ साली औद्योगिक भांगेसाठी परवाना दिला. तेथील डोंगरी भागात बियांची चटणी व सालीचे दोर पूर्वापार चालत आलेले आहेत. हिमाचल प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासास मंजुरी दिली.

या परवान्यांत मुख्य अट असते ती ०.३ टक्क्यांची. झाडातील मादक घटक, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, या प्रमाणाहून अधिक असता कामा नये. हा आकडा आला कोठून, हे जाणण्यासारखे आहे. १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल व आर्थर क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडांचे वर्गीकरण करण्याच्या सोयीसाठी ती एक रेषा आखली. पुढे तीच कायद्यात शिरली. नशा कोठे सुरू होते याचे ते मोजमाप नव्हे. पण शेतकऱ्याचे भवितव्य आता त्या रेषेवर ठरते. फुलोरा पक्व होत जातो तसतसे हे प्रमाण वाढते. कापणी लांबल्यास अथवा बियाणे शुद्ध नसल्यास उभे पीक रेषेपलीकडे जाते व ते नष्ट करावे लागते. हिमालयातील स्थानिक वाण बहुधा ही मर्यादा ओलांडतात. युरोपातील कमी मादक वाण आणावेत तर दुसरी अडचण येते. हे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलते. पॅरिसकडे उन्हाळ्यात सोळा तासांचा दिवस असतो, महाराष्ट्रात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. तिकडील वाण येथे पेरल्यास झाड गुडघ्या-कमरेएवढे असतानाच फुलोऱ्यावर येण्याचा संभव असतो, आणि मग तंतू तो कितीसा मिळणार?

बाजाराविषयी अमेरिकेचा अनुभव पाहावा. तेथे डिसेंबर २०१८ च्या कृषिकायद्याने ०.३ टक्क्यांखालील भांग मोकळी झाली. कॅनाबिडिऑल या औषधी घटकाच्या तेलास मोठी मागणी येईल या आशेने शेतकऱ्यांनी तंतू बाजूस ठेवून फुलोऱ्यासाठीच लागवड केली. प्रक्रिया करणारे कारखाने थोडे व माल अफाट, त्यामुळे भाव कोसळले. तेथील कृषिखात्याच्या आकडेवारीप्रमाणे उघड्या शेतांतील लागवड २०२१ साली सुमारे ५४ हजार एकर होती, ती २०२२ साली सुमारे २८ हजार एकरांवर आली. आणि एकूण पिकाचे मूल्य ८२ कोटी डॉलरांवरून २४ कोटींच्या आसपास उतरले. पुढे कायद्यातील फटीतून नशा आणणारी पेये व गोळ्या निघू लागल्या. तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील काँग्रेसने व्याख्याच बदलली आणि तयार मालाच्या प्रत्येक पुडीत मादक घटक ०.४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा असे ठरवून एका वर्षाची मुदत दिली. थायलंडने जून २०२२ मध्ये उठविलेले निर्बंध जून २०२५ मध्ये पुन्हा आवळले व फुलोऱ्याची विक्री वैद्याच्या चिठ्ठीवर आणली. ऊस किंवा कापूस यांचे भाव पडतात, पण एका ठरावाने तो माल विकणेच बेकायदा होत नाही.

तंतूच्या मार्गात धोका कमी, पण खर्च जास्त. खोड वजनाने भारी व किमतीने हलके असल्याने ते दूर वाहून नेणे परवडत नाही. साल सोलण्याचे यंत्र जवळच्या टप्प्यात हवे. अंबाडी भिजवून वाख काढलेल्या शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

या पिकाचे 'सरकारमान्य' बियाणे व खरेदीची हमी देऊ करणारा कोणी दलाल आल्यास प्रथम लागवडीचा परवाना मागावा. तो शेतकऱ्याच्या नावे व त्या गटक्रमांकासाठी दिलेला असला पाहिजे. कंपनीचा अन्नविक्रीचा परवाना त्या जागी चालत नाही. बांधावर अथवा उसाच्या सरीत कोणी ही झाडे लावलेली दिसल्यास पोलिसांस त्वरित कळविणे हे जमीनधारकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, व जाणूनबुजून गप्प राहणे शिक्षेस पात्र आहे. जमीन वाट्याने किंवा खंडाने दुसऱ्यास कसावयास दिली असली तरी वरचेवर शेतात फेरी मारावी.