नदीसेवकांचे शिक्षण
(हट्टा परिसरातील कास्तकारांकरिता एक पाठ)

नदीची सेवा करण्यास उत्साही माणसे थोडी नाहीत. शिकलेला सेवक मात्र विरळा. वर्षातून एक दिवस फावडी घेऊन जमावे, काठचा सारा लव्हाळा उपटावा, यंत्राने पात्र सरळ व खोल करावे, आणि नदीचे काम झाले असे समजावे, ही रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. अशा कामाने कित्येकदा हितापेक्षा अपायच अधिक होतो. लव्हाळा व करंज यांच्या मुळ्या काठ धरून ठेवितात; त्या गेल्या की काळी माती पुरात ढासळते. पात्रातील वाळू व गोटे पाणी धरितात, आणि कित्येक जातींचे मासे त्यांच्याच आश्रयाने अंडी घालतात. ते काढून टाकले म्हणजे उरतो तो केवळ चर. म्हणून आधी शिकावे व मग सेवा करावी, असे आमचे सांगणे आहे.

वसमत तालुक्यातील हट्टा परिसरास हे सांगणे विशेष लागू पडते. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, येलदरी व सिद्धेश्वर या धरणांतून पुढे येते आणि गोदावरीस मिळते. वसमतच्या हळदीस व उसास या धरणांच्या कालव्यांचा मोठा आधार आहे. ज्या नदीने आपले शेत भिजते, तिची प्रकृती ओळखता येणे हे कास्तकाराचे कर्तव्यच होय.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत आयझॅक वॉल्टन लीग या संस्थेने 1969 साली सामान्य नागरिकांस ओढ्यांची पारख करण्यास शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2022 रोजी सेवाग्राम येथे शासनाच्या ‘चला जाणूया नदीला’ या अभियानास आरंभ झाला. त्यात आपल्या जिल्ह्यातील कयाधूचाही समावेश झाला. ‘जाणूया’ हा शब्दच येथे महत्त्वाचा आहे.

पहिला पाठ : पाहणे. वाहत्या पाण्यातील एखादा दगड हलकेच उलटून पाहावा. खालच्या बाजूस शेपटीशी दोन-तीन केसासारखे तंतू असलेले बारीक किडे आढळले, तर पाणी बहुधा चांगले आहे. किड्यांच्या इतर जाती नाहीशा होऊन गाळात केवळ तांबड्या अळ्याच वळवळत असतील, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे असे समजावे. पाहून झाल्यावर दगड होता तसाच ठेवावा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर तेही प्राणवायूच्या उणिवेचेच चिन्ह होय. कारण शेवाळ दिवसा प्राणवायू देते व रात्री तो खाते. बहुतेक माशांस लिटरामागे सुमारे 5 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. 20 अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यात तो सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांस साडेसातच. यास्तव चैत्र-वैशाखात घाण पाणी सोडले असता मासे लवकर दगावतात.

दुसरा पाठ : मोजणे. ओढ्याच्या सरळ भागात 10 मीटर अंतर आखून लाकडाचा हलका तुकडा सोडावा व लागलेला वेळ घड्याळाने पाहावा. समजा, 20 सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदास अर्धा मीटर. पात्र 3 मीटर रुंद व सरासरी 20 सेंटिमीटर खोल असेल, तर छेद 0.6 चौरस मीटर झाला. तळचे पाणी सावकाश वाहते, म्हणून गुणाकारास पुन्हा 0.85 ने गुणावे. उत्तर येते सेकंदास सुमारे 255 लिटर. दर पौर्णिमेस व अमावास्येस एकाच जागी असे मोजून वहीत लिहिल्यास दोन-तीन वर्षांत ओढा आटतो आहे की सुधारतो आहे, याचा पुरावा हाती येतो.

तिसरा पाठ : आपल्या शेतापासून आरंभ. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांस अत्यंत विषारी आहेत. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये. औषधाचा रिकामा डबा तीन वेळा खळाळून ते पाणी पंपातच ओतावे, आणि दुसऱ्या कामी येऊ नये म्हणून डब्यास भोके पाडावी. काठालगत काही हात पट्टा न नांगरता गवतास सोडावा. वाहून जाणारी माती व खत तेथे अडते. मृगाच्या पहिल्या पुरात चढणीचे मासे अंडी घालण्यास ओढ्यांनी वर जातात; त्या दिवसांत आडवी जाळी लावू नयेत. सुरुंग लावून वा विष घालून मासे मारणे 1897 च्या मत्स्यविषयक कायद्यानेच अपराध ठरविले होते.

सेवकांनी स्वतःच्या जिवासही जपावे. धरणातून पाणी सुटले म्हणजे नदी निरभ्र आकाशाखालीही फुगते. यास्तव एकट्याने पात्रात उतरू नये. मासे मेलेले आढळल्यास वेळ व जागा लिहावी, स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून थंड ठेवावे, आणि ग्रामपंचायतीस व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास त्वरित कळवावे. ते मासे कोणी खाऊ नयेत.

आमची सूचना एवढीच की, प्रत्येक गावाने चार-पाच तरुण निवडून ओढ्याचा एक किलोमीटर त्यांच्याकडे सोपवावा. नदीकाठच्या भोई मंडळींस त्यांचे गुरू करावे; डोह कोठे आहे, कोणता मासा कधी चढतो, हे त्यांच्याइतके कोण जाणतो? एक वर्ष केवळ पाहावे व लिहावे. मग कोणते गवत राखावे, कोठला गाळ काढावा आणि कोठे हात लावू नये, हे ती वहीच सांगेल. फावडे त्यानंतर उचलावे.