बुडालेली नौका आणि बुडीत खाते

किनारपट्टीवरील एका शाखेत कर्ज विभागाचे काम पाहत असताना एक जुने खातेदार कर्जाचा अर्ज घेऊन आले. व्यवसायाने मच्छीमार, स्वतः तांडेल, व्यवहार चोख. एक यांत्रिक नौका त्यांना विकत घ्यावयाची होती. बाजारात तशा वापरलेल्या नौकेस २२ लाख रुपये पडत असता ही ८ लाखांत मिळत होती. कारण विचारले, तेव्हा ते किंचित थांबून म्हणाले, "साहेब, वादळात बुडाली होती. अकरा दिवसांनी वर काढली. पण लाकूड सागवानी आहे, आणि मी ५० हजार इसार देऊन बसलोय."

प्रस्ताव नाकारणे सोपे होते आणि मंजूर करणेही कठीण नव्हते. परंतु ज्या कुटुंबाची चूल त्या नौकेवर पेटणार, त्याच्या दृष्टीने हा व्यवहार हिताचा आहे काय, हे पाहणे आम्हाला आवश्यक वाटले. त्या निमित्ताने झालेला अभ्यास येथे मांडत आहे. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकांनाही तो उपयोगी पडावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्या पुरात बुडालेल्या कित्येक मोटारी पुढे डागडुजी होऊन जुन्या वाहनांच्या बाजारात आल्या. नौका काय किंवा मोटार काय, प्रश्न एकच आहे.

पहिला प्रश्न : बुडाली कशामुळे?

नौका किती काळ पाण्याखाली होती याआधी ती का बुडाली, हे विचारावे. धक्क्याला बांधलेली असताना एखादी झडप उघडी राहून पाणी शिरले असेल, तर दोष मर्यादित असतो. खडकावर आपटून किंवा दुसऱ्या नौकेशी टक्कर होऊन बुडाली असेल, तर तळाच्या मुख्य तुळईस, म्हणजे पठाणास, आणि पुढील नाळेस इजा झालेली असण्याचा संभव मोठा. फळ्यांचे सांधे सैल झाल्याने किंवा शाफ्ट बाहेर पडतो तेथील गळतीमुळे बुडाली असेल, तर ते कारण दूर केल्याशिवाय रंगरंगोटी व्यर्थ होय. विक्रेत्यास कारण सांगता येत नसेल, तर तेच उत्तर समजावे.

दुसरा प्रश्न : वर काढल्यावर काय केले?

पुष्कळांचा समज असा की, इंजिन जितके दिवस पाण्यात तितके ते खराब. हे अर्धसत्य आहे. पाण्याखाली प्राणवायू कमी असल्याने गंज तुलनेने सावकाश चढतो. नौका वर येऊन खाऱ्या ओल्या लोखंडास हवा लागली की तो झपाट्याने पसरतो. म्हणून वर काढल्यावरचे पहिले काही तास निर्णायक असतात. त्या अवधीत इंजिन गोड्या पाण्याने धुऊन, जुने तेल काढून, आत डिझेल वा तेल भरून ठेवले असेल, तर ते वाचण्याची आशा असते. ते तसेच पडून राहिले असेल, तर संपूर्ण खोलून दुरुस्त करण्याचा किंवा नव्या इंजिनाचा खर्च धरावा. वंगणतेल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे, हे निश्चित.

विजेच्या तारांबाबत दयामाया नसावी. खारे पाणी आवरणाच्या आतून तांब्यात शिरते. तार बाहेरून चांगली दिसते आणि भर समुद्रात दगा देते. बॅटऱ्या, स्टार्टर, जीपीएस, बिनतारी संच व मासे शोधण्याचे यंत्र यांची किंमत शून्य धरूनच हिशेब करावा.

लाकडी नौकेत फळीपेक्षा खिळा आधी पाहावा. लोखंडी खिळा गंजला की भोवतीचे लाकूड काळे व मऊ पडते. तेथे टोचा सहज आत जात असेल, तर सागवानाचे कौतुक कामास येत नाही. फायबरच्या नौकेवर लहान हातोडीने ठोकून पाहावे. आवाज बद्द आला तर थर सुटले असल्याची शंका घ्यावी. बर्फाच्या खणाच्या भिंतींतील फोम पाणी शोषून जड होतो व नौका पूर्वीपेक्षा खोल बसते. वरून हे दिसत नाही, म्हणून सुक्या डॉकवर चढवून अनुभवी सर्वेक्षकाकडून तपासणी करून घ्यावी आणि त्याचे शुल्क विक्रेत्याने नव्हे, तर खरेदीदाराने द्यावे. ज्याचा पैसा, त्याचा अहवाल.

तिसरा प्रश्न : विकणारा मालक आहे काय?

हा भाग ग्राहकांच्या नजरेतून नेहमी सुटतो. सागरी विमा अधिनियम, १९६३ नुसार विमा कंपनीने पूर्ण हानीची भरपाई दिली असेल, तर उरलेल्या नौकेवरील विमाधारकाचा हक्क स्वतःकडे घेण्याचा अधिकार त्या कंपनीस प्राप्त होतो. अशा वेळी जुना मालक नौका विकत असेल, तर कंपनीचे लेखी पत्र पाहिल्याविना पुढे जाऊ नये. नौका एखाद्या बँकेकडे नजरगहाण असल्यास तिचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक आहे. नोंदणी व मासेमारी परवाना हस्तांतरणीय आहे किंवा कसे, याची खातरजमा मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात करावी.

वस्तुविक्री अधिनियम, १९३० चे सर्वसाधारण तत्त्व 'खरेदीदाराने सावध असावे' हे आहे. तेव्हा नौका बुडाल्याची तारीख, कारण व झालेली दुरुस्ती यांचे कथन विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तेच कथन पुढे विमा घेताना कामी येते. कारण महत्त्वाची वस्तुस्थिती प्रकट करणे हे विमाधारकाचे कर्तव्य असून बुडाल्याचा इतिहास लपवल्यास ऐन दाव्याच्या वेळी विमा रद्द ठरू शकतो. सौदा पक्का करण्यापूर्वीच ही नौका कोणत्या अटींवर विम्यास पात्र ठरेल, हे विचारून घ्यावे.

चौथा प्रश्न : हिशेब काय सांगतो?

विक्रेत्याच्या मते दुरुस्तीस ५ लाख पुरेसे होते. म्हणजे नौका १३ लाखांत पडून ९ लाखांची बचत. सर्वेक्षकाच्या अहवालानंतर चित्र असे झाले :

इंजिन व गिअरबॉक्स — ४,५०,०००
वायरिंग, बॅटऱ्या व उपकरणे — २,२५,०००
फळ्या, खिळे व सांधे — ३,००,०००
बर्फाच्या खणाचे अस्तर — १,२५,०००
डॉक, क्रेन व तपासणी — १,००,०००
एकूण — १२,००,०००
अनपेक्षित खर्चासाठी २५ टक्के — ३,००,०००
दुरुस्तीची एकंदर तरतूद — १५,००,०००

यात ८ लाख मिळवले की २३ लाख होतात. आणि बुडाल्याचा शिक्का बसलेल्या या नौकेस दुरुस्तीनंतरही बाजारात १८ लाखांपेक्षा अधिक किंमत येणार नव्हती. म्हणजे ९ लाखांच्या बचतीच्या जागी ५ लाखांची तूट. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दुरुस्ती या काळात आटोपली तर ठीक. ती लांबून हंगाम सुरू झाला की उत्पन्न थांबते, व्याज मात्र थांबत नाही.

यावरून एक साधे सूत्र हाती येते : दुरुस्तीनंतरच्या किमतीतून दुरुस्तीची एकंदर तरतूद, बुडालेले उत्पन्न आणि त्या काळातील व्याज वजा करावे, उरेल ती देण्याजोगी कमाल किंमत. येथे पहिल्याच वजाबाकीनंतर ३ लाख उरत होते. विमा कायदाही जवळपास याच रीतीने विचार करतो. दुरुस्तीचा खर्च दुरुस्त नौकेच्या किमतीहून अधिक होत असेल, तर नौका तरंगत असली तरी तिची पूर्ण हानी झाली असे मानता येते.

इसाराचे ५० हजार

खातेदारांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "सगळं पटतं साहेब, पण माझे ५० हजार बुडतील." वाणिज्य शाखेत आम्ही 'बुडीत खर्च' ही संकल्पना शिकलो होतो : जो खर्च होऊन गेला व कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, तो पुढील निर्णयाच्या हिशेबात धरू नये. परीक्षेत हे दोन ओळींत लिहिता येते. समोर बसलेल्या माणसाने ती रक्कम मासळीच्या टोपल्या वाहून जमवलेली असते, तेव्हा ते सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. आम्ही इतकेच म्हणालो, "ते ५० हजार कालच गेले. आज प्रश्न पुढच्या २३ लाखांचा आहे."

त्यांनी विक्रेत्यास ३ लाखांचा प्रस्ताव दिला. तो मान्य झाला नाही. इसारही परत मिळाला नाही. तो हंगाम त्यांनी भावाच्या नौकेवर काढला आणि पुढील वर्षी लहान परंतु निर्दोष नौकेसाठी आमच्याकडूनच कर्ज घेतले.

बुडालेली प्रत्येक नौका त्याज्य असते, असे मुळीच नाही. शांत पाण्यात बुडालेली, दिवसभरात वर काढलेली, इंजिन तत्काळ धुतलेली, कागदपत्रे स्वच्छ असलेली आणि वरील सूत्रात बसणाऱ्या किमतीची नौका घेण्यास हरकत नसावी. निर्णय मात्र स्वस्ताईच्या मोहाने अथवा गेलेल्या पैशाच्या हळहळीने न घेता हिशेबाने घ्यावा. समुद्रातून नौका वर काढता येते. बुडीत खाती गेलेले कर्ज आणि त्याबरोबर गेलेली पत वर काढणे त्याहून अवघड असते.