चार शुभवर्तमाने, एक पहाट : तुलनेचा तक्ता कसा करावा

येशूचे थडगे रिकामे सापडले त्या पहाटेची हकिगत चारही शुभवर्तमानांत आहे, पण तपशील जुळत नाहीत. अभ्यासगटात हा विषय निघाला की कुणी घाईने ‘विसंगती नाहीच’ म्हणतो, तर कुणी तितक्याच घाईने ‘सगळे रचलेले’ म्हणून मोकळा होतो. निकाल देण्याआधी हा तक्ता करून पाहा.

साहित्य : बायबल (पंडिता रमाबाईंचे मूळ भाषांवरून केलेले भाषांतर मिळाले तर तेही शेजारी ठेवा), मोठा आडवा कागद, पेन, पेन्सिल, खोडरबर आणि दीड तास.

कृती

१. मत्तय 28:1-10, मार्क 16:1-8, लूक 24:1-12 आणि योहान 20:1-18 हे उतारे एकेक करून पूर्ण वाचा. एक वाचताना दुसऱ्यात डोकावू नका.

२. कागदावर चार रकाने आखा. आडव्या ओळी पाच : कोण गेले, केव्हा, दगडाचे काय, कोण दिसले, पुढे काय झाले. जे लिहिले आहे तेवढेच भरा. ईस्टरच्या नाटकात पाहिलेले प्रसंग नकळत आत शिरतात, ते बाहेर ठेवा.

३. आधी एकमत पेनाने अधोरेखित करा. आठवड्याचा पहिला दिवस, मरीया मग्दालीया, बाजूला झालेला दगड आणि नसलेला देह, या चार गोष्टी चौघांकडेही आहेत.

४. आता ‘फक्त’ हा शब्द शोधा. मत्तय दोघींची नावे देतो, मार्क तिघींची, लूक तिघींची आणि ‘इतर’ही, योहान एकटीचे. पण एकटीच गेली, असे कुणीच म्हणत नाही. उलट योहानाची मरीया 20:2 मध्ये ‘आम्हाला’ ठाऊक नाही म्हणते आणि 20:13 मध्ये ‘मला’. म्हणजे पहिल्या वेळी सोबत कुणीतरी असावे. असे फरक ‘अपुरे, विरोधी नव्हे’ या खुणेखाली टाका.

५. वेळ तपासा. योहानाकडे अंधार आहे, लूककडे भल्या पहाटेची वेळ, मत्तयाकडे उजाडते आहे, मार्ककडे सूर्य वर आला आहे. अंधारात निघून उजाडल्यावर पोहोचणे शक्य आहे. तरी हा जोड आपला आहे, पेन्सिलीने लिहा.

६. कोण दिसले? मार्ककडे आत बसलेला एक तरुण, मत्तयाकडे दगडावर बसलेला देवदूत, लूककडे दोन पुरुष. पुढे 24:23 मध्ये लूक त्यांनाच देवदूत म्हणतो, त्यामुळे ‘पुरुष की देवदूत’ हा वाद मिटतो. योहानाचे दोघे मरीयेला नंतर, ती थडग्याशी रडत असताना दिसतात. एक की दोन, यावर चौथ्या पायरीचीच कसोटी लावा.

७. अवघड घर शेवटी भरा. मत्तयानुसार मग्दालीया देवदूताचा निरोप ऐकते आणि वाटेत येशूला भेटते. योहानानुसार ती पेत्राकडे धावते ती देह कुणीतरी नेला असे समजून. ती दगड पाहताच इतरांना सोडून परतली, असा तोडगा सुचवला जातो. पण मत्तय तसे सांगत नाही. मार्कच्या स्त्रिया तर भीतीने कुणालाच काही सांगत नाहीत, आणि सिनाय व व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत त्याचे शुभवर्तमान तिथेच संपते. तोडगा पेन्सिलीने लिहा, शेजारी प्रश्नचिन्ह ठेवा.

८. अति झाले का पाहा. आंद्रेआस ओसिआंडरने 1537 मध्ये प्रत्येक फरकाला वेगळी घटना मानले. परिणामी याईराची मुलगी एकाहून अधिक वेळा मेलेल्यांतून उठली. तुमच्या तक्त्यात बायका थडग्याकडे चार खेपा घालू लागल्या, तर खोडरबर उचला.

९. शेवटी तक्ता बाजूला ठेवून प्रत्येक उतारा पुन्हा स्वतंत्र वाचा. नावाने हाक मारल्यावर ओळख पटणे योहानाला सांगायचे आहे, थरकाप मार्कला. चौघांची एकच कथा केली की दोन्ही विरतात.

टीप : दुसऱ्या शतकात तातियानने चारांचे एकसंध शुभवर्तमान केले आणि सिरियातील मंडळ्या ते वाचत. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेटने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमाने दिली. तेव्हा तक्ता जपून ठेवा, पण गटात वाचायला चार उतारेच घ्या.