अतिवाहक तार आणि ताण

कुंभार मडक्यास आकार देतो तो माती ओली असतांना; भट्टींतून निघालेलें मडकें वांकवूं गेल्यास हातीं खापऱ्याच यावयाच्या. ज्या तारेविषयीं आज आम्ही चार शब्द लिहीत आहों, तिचा स्वभाव कांहींसा असाच आहे.

अतिशीत पाऱ्यांतून वीज कोणत्याही विरोधावांचून वाहते, असें १९११ सालीं हॉलंडांतील लायडन येथें कामरलिंग ओन्नेस यांस आढळून आलें. अशा पदार्थांस अतिवाहक म्हणतात. १९५४ सालीं नायोबियम व कथील यांचा संयोगही अतिवाहक ठरला. प्रबळ चुंबक करण्यास तो फार उपयोगी, पण ठिसूळ! म्हणून हे दोन धातु तांब्याच्या वेष्टणांत निरनिराळे ठेवून तार ओढतात, बहुधा तिचें वेटोळेंही आधींच करितात, आणि मग सुमारें ६५० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत कित्येक दिवस भाजतात. संयोग होतो तो तेव्हां.

आतां खरी मौज पुढेंच आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव तापवून चढवितात, व ती निवतांना लांकडास आंवळून धरिते, हें आपण पाहिलें असेल. आमच्या तारेंतही तेंच घडतें. थंड होतांना तांबें अधिक आकसतें व आंतील केसाहून बारीक तंतु दाबले जातात. त्यांच्या अणूंची मांडणी किंचित् बिघडते, आणि विरोधावांचून जितकी वीज तारेनें न्यावी तितकी ती नेऊं शकत नाहीं. अशी तार हळूच ओढली तर? ती अधिक वीज नेऊं लागते! कारण ओढीनें आंतील दाब सुटतो. हजार हात तार दोनतीन हात लांबेपर्यंत हा लाभ. त्यापुढें शक्ति पुन्हा घटूं लागते, आणि आणखी ओढल्यास तंतूंस तडे जातात. ते मग कधींही सांधत नाहींत.

फ्रान्समध्यें इटर नांवाचें प्रचंड यंत्र उभारण्यांत येत आहे. त्याच्या मध्यवर्ती चुंबकाच्या दोरांत ५७६ अतिवाहक व २८८ तांब्याच्या तारा एकत्र पिळलेल्या असतात. चुंबक आपल्याच बळानें त्यांस ढकलतो, आणि प्रवाह चालूबंद होईल तितके वेळां हा धक्का बसतो. २०१० च्या सुमारास स्वित्झर्लंडांतील व्हिलिगेन येथें दोराच्या नमुन्यांची परीक्षा झाली, तेव्हां धक्क्यागणिक शक्ति घटत गेलेली दिसली. सैल पिळामुळें एकेक तार अधांतरीं वांकत होती. यावर सांपडलेला उपाय कोणत्याही दोरखंड वळणाऱ्यास सुचावा असाच आहे: पीळ आंखूड व घट्ट केला. तारांस परस्परांचा आधार मिळाला, आणि हजारों धक्क्यांनंतरही नव्या नमुन्यांची शक्ति जवळजवळ कायम राहिली.